नळीतलं आठ बोटं पाणी

४ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. तुमची सून, म्हणजे माझी लेक, काल संध्याकाळी सुखरूप पोचली. तुम्ही बजावलं होतंत तशी चालकाच्या पाठीमागच्या सीटवर बसून आली, आणि जावईबापूंनी उशी दिली होती ती पाठीशी घेऊन आली. आज सकाळी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाळाची वार खाली आहे, सहावा महिना लागलाय, तेव्हा बाळंतपण होईपर्यंत पडून राहायचं. जेवायला आणि संडासला उठायचं, बाकी नाही. दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे म्हणून तुम्ही तिला माझ्याकडे पाठवलंत, ते फार शहाणपणाचं झालं. तुमच्या जागी दुसरी सासू असती तर लोक काय म्हणतील याचा विचार करत बसली असती.

आता अडचण सांगते. पोर पडून राहायला तयार नाही. तिचं सगळं चित्त तुमच्याकडच्या त्या अर्ध्या एकराच्या तुकड्यात आहे. वरचं खाचर आणि खालचं खाचर असं काहीतरी म्हणते. मी शिवणकाम करणारी बाई, भात मला ताटात येतो तेवढाच कळतो. तिचं म्हणणं असं, की खाचराकडे तिच्या पद्धतीने कुणी पाहणार असेल तर ती हूं की चूं न करता पडून राहील. नाहीतर पहिल्या बसने परत. मी म्हटलं, तुझ्या सासूबाईंनी शब्द दिलाय ना? त्यावर म्हणाली, शब्द दिलाय, पण त्यांचा विश्वास नाहीये.

सोबत तिने सांगितलेलं मी लिहून घेतलंय तो कागद आहे. दोन्ही खाचरांत तिने भोकं पाडलेली एकेक नळी उभी पुरलीय, त्या नळीत डोकावून पाहायचं, पाणी जमिनीखाली वीतभर गेलं की मगच पुन्हा पाणी द्यायचं, त्याआधी नाही. दर खेपेला नळीत पाणी किती बोटं खाली आहे ते कळवायचं.

फोनवर हे सगळं बोलता येत नाही, कारण ती दोन हातांवर पडलेली असते आणि तिचे कान शाबूत आहेत. जावईबापू दर चार-आठ दिवसांनी येणारच आहेत, त्यांच्या खिशातून आपली पत्रं जाऊ देत.

तुमची विहीण

१३ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं. आमच्या चिरंजीवांनी ते शर्टाच्या खिशात घामाने अर्धं धुऊन आणलं, पण तुमचं अक्षर शिवणीच्या टिपेसारखं, सगळं लागलं. सूनबाई पडून राहते आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला बांधून घालावं लागलं तरी घाला, माझी परवानगी आहे.

आता तुम्ही आई आहात, तरी स्पष्ट लिहिते. चाळीस वर्षं मी भात लावते आहे. माझ्या सासूने मला एकच गोष्ट शिकवली, भाताच्या पायाशी पाणी दिसलं पाहिजे. आणि तुमची लेक म्हणते, जमिनीला भेग पडू दे. बारा दिवसांचं रोप, तेही एकेकटं, वीतवीत अंतरावर. लावणीच्या टोळीची मुकादमीण ते रोप चिमटीत धरून म्हणाली, "हे लावायचं की विंचरायचं?" आणि टोळी घेऊन सरळ निघून गेली. एकेक रोप लावताना त्यांचा हात बसत नाही आणि दिवस फुकट जातो. शेवटी मी, आमचे हे आणि चिरंजीव, तिघांनी गाठी मारलेल्या दोरीवर लावणी केली, आणि सूनबाई बांधावर खुर्ची टाकून दोरीचं टोक धरून बसली. हुकूम सोडायला.

दुसऱ्या दिवशी ते खाचर टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. आमच्या खालच्या अंगाला एक शेजारी आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण सकाळी त्याने पाहिलेलं दुपारी सगळ्यांना ऐकू येतं. तो येऊन विचारून गेला, रोपं कमी पडली का, आमच्यातली नेता का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असो. कागदाप्रमाणे चाललंय असं तिला सांगा. चिठ्ठी वेगळी ठेवलीय, तीच तिला द्यायची, हे पत्र नाही. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय, फुटलेलं दिसलं तर तुमच्या जावयाचा कान धरा.

चिठ्ठी: वरचं खाचर आठ बोटं. खालचं खाचर अकरा बोटं.

तुमची विहीण

२२ फेब्रुवारी

विहीणबाई,

पाकीट शाबूत आलं. शितं इतकी घट्ट बसली होती की कात्री लावावी लागली.

लेकीने चिठ्ठीतले आकडे एका वहीत लिहिले आणि वही उशाशी ठेवली. ती मधल्या खोलीत असते, मशीनच्या शेजारी. एका बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग, दुसऱ्या बाजूला ती. दिवसभर मशीनचा आवाज चालू असतो, पण ती म्हणते त्या आवाजात झोप चांगली लागते, लहानपणापासूनची सवय. जागी असते तेव्हा मात्र विचारते, आई, मी नुसती बसून काजं करू का? निदान बटणं लावू का? मी नाही म्हणते. दिवसातून दहा वेळा स्वतःच्या पोटच्या पोरीला नाही म्हणणं सोपं नाही हो. डॉक्टरीणबाई सांगून मोकळ्या होतात.

सोबत मोजायची टेप पाठवते आहे. माझ्या धंद्यात बोटांनी मोजलेलं चालत नाही, प्रत्येकीचं बोट वेगळं. टेप नळीत सोडा आणि वाचा. फुटवे किती आलेत तेही तिला हवंय. फुटवे म्हणजे काय हे मला तिने अर्धा तास समजावलं, एका रोपातून बाजूला निघणाऱ्या काड्या, म्हणून मी आता अर्धी शेतकरी झाले आहे.

आणखी एक. तुमचा विश्वास नसताना तुम्ही हे करता आहात. मी तुमच्या जागी असते तर केलं असतं का, सांगता येत नाही. माझी पोर तुमच्या शब्दावर पडून आहे. हे ऋण मी विसरणार नाही.

तुमची विहीण

५ मार्च

विहीणबाई,

टेप मिळाली. एवढी पिवळीधमक, नवी कोरी टेप चिखलात घालायला धजावले नाही. कपाटात ठेवलीय. बोटं काही वाईट नाहीत.

पाट आठ दिवस बंद होता, वरच्या दरवाजाची दुरुस्ती चालली होती. आता सुरू झालाय. खालच्या खाचरात नळीतलं पाणी वीतभर खाली गेलं होतं, तेव्हा परवा भरदुपारी पाणी दिलं, रेडिओच्या देखत. तो हल्ली बांधावरच मुक्काम ठोकून असतो. नळी पाहून विचारतो, वहिनी, बोअर घेतली का, किती फुटांवर लागलं? मी म्हटलं, वीतभर. तेही त्याने सगळीकडे सांगितलं.

फुटवे मोजले. खालच्या खाचरात एका रोपाला एकवीस. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले, तेवढेच. वरच्या खाचरात बारा-तेरा. पण रंग पाहावा तर वरच्याचा, काळाभोर हिरवा. खालचं आपलं पोपटी. पीक कसं डोळ्यांत भरलं पाहिजे. सूनबाईला हे सांगू नका, लगेच मला शिकवायला लागेल. हट्टीपणा मुलीला माहेरहून मिळतो असं म्हणतात, तो तुमच्यात मला तर कधी दिसला नाही, मग व्याह्यांचा असावा. गंमत करते हो.

चिठ्ठी: वरचं आठ बोटं. खालचं पाणी देण्याआधी बारा बोटं, दिल्यावर जमिनीवर दोन बोटं.

तुमची विहीण

२१ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र नाही. चिरंजीव तुमच्याकडे दोनदा जाऊन आले, दोन्ही खेपेला रिकाम्या खिशाने परतले. विचारलं तर म्हणतात, सगळं ठीक आहे, आणि ताटाकडे बघत जेवतात. एवढं लक्ष देऊन तो जन्मात जेवला नव्हता.

मागच्या पत्रात हट्टीपणाचं लिहिलं त्याचा राग आला असेल तर माझी जीभच तशी आहे, मनात काही नसतं. दोन ओळी लिहा.

विहीण

२४ मार्च

विहीणबाई,

राग कसला. मशीन बिघडलं होतं आणि गणवेशांची कामं तुंबली. लेक बरी आहे. सवडीने लिहिते.

विहीण

२ एप्रिल

विहीणबाई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे, आधीचे दोन कागद चुलीत घातले. तुम्हाला फसवलंय. तुमच्या लेकीलाही.

वरच्या खाचरात मी पहिल्या दिवसापासून पाणी देत आले. दर दोन दिवसांनी, पहाटे, कुणी उठायच्या आत, बांधाला बोटभर दारं, म्हणजे फट, पाडायचं आणि पाणी आत सोडायचं. ती एवढीएवढीशी पोरकी रोपं आणि खाली भेगाळलेली माती, मला घास गिळवेना. भेग दिसली की माझ्याच टाचा दुखतात. नुसतं पाणी नाही, दोनदा ओंजळभर युरियाही टाकला, पाहुण्याच्या पोराला आग्रह करून वाढावं तसा. आठ बोटं, आठ बोटं जे लिहीत होते ते मनाचं. नळीत मी डोकावलेच नाही कधी. वर पाणी उभं असताना आत काय बघायचं?

खालच्या खाचरातही दिलं असतं. पण तिथलं पाणी घ्यायचं दारं रेडिओच्या घरासमोर आहे आणि तो कोंबड्याआधी उठतो. सासूच सुनेचं खाचर बिघडवते, हे दुपारपर्यंत सगळीकडे झालं असतं. म्हणून खालचं नाइलाजाने कागदाबरहुकूम केलं. दिवसाढवळ्या, नळी पाहून, त्याच्या देखत. ते आकडे खरे आहेत, शपथ घेऊन सांगते.

आठ दिवसांपूर्वी वरच्या खाचरात मधेच एक गोल पिवळा डाग दिसला. वाकून बघते तर बुडाशी तुडतुडे, मूठ मूठ. दोन दिवसांत तो डाग अंगणाएवढा झाला, पीक उकळतं पाणी ओतल्यासारखं वाळलं. परवा वारा सुटला आणि उरलेल्यातलं निम्मं लोळलं. माझ्या स्वतःच्या दोन एकरांतही तुडतुडे शिरलेत. आणि मधल्या बांधावर उभं राहिलं की खाली, चार पावलांवर, खालचं खाचर सरळ उभं. दोन जागी किडे सापडले, बस.

शेतीखात्याचा कृषी सहाय्यक आला होता. वाकून माती बोटांनी चोळली आणि म्हणाला, काकू, इथे पाणी सतत उभं होतं आणि युरिया जास्त पडलाय, हे कुणी केलं? रेडिओ शेजारी उभा. मी म्हटलं, पाट फुटला असेल. या वयात खोटं बोलले, तेही त्या कोवळ्या पोराशी.

जिथे माझी माया पोचली तिथे पीक लोळलं, विहीणबाई. जिथे लोकलाजेने हात आवरला तिथे उभं आहे.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा. आता ठरवा तुम्ही. तिला वाचून दाखवलंत आणि ती उठून बसली तर काय? आणि नाही दाखवलं तर ती माझ्या खोट्यावर पडून राहणार. माझं डोकं चालत नाही. तुम्ही म्हणाल तसं.

विहीण

६ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र दोन दिवस ब्लाउजच्या अस्तराखाली ठेवलं होतं. आता मीही सांगते.

मशीन बिघडलं नव्हतं. आठ मार्चला लेक खूप काकुळतीला आली. म्हणाली, आई, बाळाच्या दुपट्याला नुसता काठ घालते, अर्धा तास, मग दिवसभर हलत नाही. तिचा चेहरा पाहवेना. महिनाभर पाठीवर पडून पाठीला चट्टे आले होते. मी म्हटलं, बस. मशीनवर बसवलं, पायाखाली पाट दिला, वर दूधही दिलं. पाऊण तास बसली, गाणं गुणगुणत होती. मला इतकं बरं वाटलं. त्याच दुपारी तिचं अंगावरून जायला लागलं. रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन गेले ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. चार दिवस दवाखान्यात होतो. बाळ वाचलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उठली होती का? मी म्हटलं, नाही.

जावईबापूंना मीच तुम्हाला सांगू नका म्हणाले. तुमची अमानत माझ्याकडे होती आणि मी ती सांभाळली नाही, हे कुठल्या तोंडाने लिहू? तुमचं पत्र आलं नसतं तर कधीच लिहिलं नसतं. तुम्ही पाणी दिलंत, मी उठू दिलं. दोघींना सांगितलेलं एकच होतं, हात आवरा, आणि तेवढंच आपल्याला जमलं नाही. तुम्ही आधी बोललात म्हणून मला बोलता आलं. आज किती दिवसांनी नीट जेवले.

आता तिचं. मी काल तिला सगळं सांगून टाकलं, तुमचं पत्र वाचूनच दाखवलं. ऐकताऐकता ती हसायला लागली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. वही काढून मला दाखवली. पाट आठ दिवस बंद होता असं तुम्हीच लिहिलंत, ते मी तिला वाचून दाखवलं होतं, आणि त्याच पत्रासोबतच्या चिठ्ठीत वरच्या खाचरात तरीही आठ बोटं, म्हणजे नळीत कुणी डोकावलंच नव्हतं. तिने तेव्हाच त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'आई पाणी देतायत'.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "त्यांना राहवत नसेल गं. एका खाचरात तरी राहवतंय, तेच खूप आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

तिचा निरोप असा: वरच्या खाचरातलं पाणी काढून टाका, उरलंय ते वाचेल. खालच्या खाचरात आता लोंबी बाहेर पडेल, फुलोरा येईल, आणि फुलोऱ्यात भाताला पाणी लागतं. पंधरा दिवस बोटभर पाणी उभं ठेवा, हटू देऊ नका. आणि शब्दशः सांगायला सांगितलंय, "आईंना म्हणावं, आता करा हवी तेवढी माया."

ती पडून आहे. मशीनला कुलूप लावून किल्ली शेजारणीकडे दिलीय. मला दुसरा मार्ग दिसला नाही.

तुमची विहीण

१२ एप्रिल

विहीणबाई,

आठ मार्चची ओळ वाचली आणि खाली बसले. हे धावत आले, काय झालं म्हणून. मग त्यांना सगळं सांगितलं, तुमचं आणि माझं. ते म्हणाले, मला पहाटेच्या दाऱ्याचं ठाऊक होतं, तुझी चप्पल रोज ओली असायची. म्हणजे या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

तुम्हाला दोष द्यायचा तर मला आधी आरशासमोर उभं राहावं लागेल. तुम्ही तिला दहा मिनिटांत दवाखान्यात नेलंत. माझ्याकडे असती तर बस यायलाच तास लागला असता. नातवंड तुमच्यामुळे आहे. हे मी देवासमोर उभं राहून बोलले, आता तुम्हाला लिहिते.

वरच्या खाचरातलं पाणी सोडलं. माझ्या दोन एकरांतलंही सोडलं, कुणी सांगायच्या आत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रेडिओ विचारायला आला, तर मी त्याला नळी दाखवली आणि काहीच लपवलं नाही, पहाटेचंही सांगितलं. त्याने तीनदा विचारलं, खरंच तुम्हीच? संध्याकाळी पाहते तर त्याच्याही खाचरातलं पाणी निघालेलं. बाकीच्यांना त्यानेच सांगितलं. माझ्या बदनामीचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

टेप कपाटातून काढली. खालच्या खाचरात रोज दोन वेळा मोजते. चिखलाने माखते, धुते, पुन्हा घालते.

चिठ्ठी, खरी: खालचं खाचर, जमिनीवर दोन सेंटिमीटर. लोंब्या बाहेर पडतायत. सूनबाईला सांगा, मोजून माया करते आहे.

तुमची विहीण

१३ मे

विहीणबाई,

फोनवर तुम्हाला कळलंच आहे, तरी लिहायचं म्हणून लिहिते. मुलगी झाली. सिझर करावं लागलं, दहा दिवस आधी, पण दोघी छान आहेत. दोन किलो चारशे. नाक तुमचं, हट्ट कुणाचा ते कळायचंय.

शुद्धीवर आल्यावर लेकीने पहिलं विचारलं, बाळ कसं आहे. दुसरं विचारलं, कापणी कधी आहे. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. मी त्यांना मार्चचंही खरं सांगून टाकलं, उठली होती, मीच उठवलं होतं. त्या म्हणाल्या, मला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे तुमच्यासारखंच.

कापणी टाकून धावत येऊ नका, असं लेक म्हणते. मी म्हणते, कापणी करा आणि मग या. हे तीन महिने माझी पोर ज्याच्या भरवशावर पडून राहिली ते तुम्ही उभं ठेवलंत, निम्मं का होईना. त्याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. बाळाची दोन झबली शिवून ठेवलीत, एक तुमच्या हातून घालायचं आहे.

तुमची विहीण

३० मे

विहीणबाई,

तुमच्याकडे दोन दिवस राहून आले. नातीला मांडीवर घेतलं, झबलं घातलं, तुमच्या हातचं पोटभर जेवले, आणि जे बोलायचं म्हणून आले होते ते न बोलताच बसमध्ये बसले. तोंडाने आभार मानायला मला जमत नाही. जीभ टोमण्यांना सरावलेली, दुसरं काही तिच्यावर चढत नाही. म्हणून पत्र.

मळणी झाली. खालच्या खाचरातून बारा पोती. माझ्या सगळ्यात चांगल्या वर्षी तेवढ्याच जागेतून नऊ निघाली होती. वरच्यातून सात, तीही सूनबाईने पाणी सोडायला सांगितलं म्हणून. बी निम्म्याच्याही निम्मं लागलं होतं.

मुकादमीण स्वतः येऊन बसली. खालच्या खाचरातलं एक धसकट उपटून मुळं बघितली, हातभर दाढी. मग दोरीच्या गाठी मोजल्या आणि म्हणाली, पुढच्या हंगामात आमच्या बायकांना आधी एका खाचरात हात बसवू दे, मग बाकीचं लावू. सूनबाई शिकवायला कधी येणार? मी म्हटलं, ती सहा महिने बाळाची. तोवर मी शिकवते. मी दोन्ही एकर तसंच लावणार आहे, नळ्या सांगून ठेवल्यात. रेडिओने चार मागितल्यात.

काल तो कृषी सहाय्यक फॉर्म घेऊन आला. त्याला आधी खरं सांगितलं, पाट फुटला नव्हता, मीच दारं पाडत होते. तो हसला आणि म्हणाला, काकू, पाट फुटला असता तर पाणी रेडिओकाकांकडेही गेलं असतं. मग फॉर्म काढला. त्यात प्रश्न होता, आपण ही पद्धत का स्वीकारली, एका रकान्यात खूण करा. प्रशिक्षणामुळे. अनुदानामुळे. पाण्याच्या टंचाईमुळे. शेजाऱ्याचं पाहून. उत्पन्न वाढावं म्हणून. इतर.

मी एकेक रकाना वाचत गेले. प्रशिक्षणाला मी गेले होते, मागे बसून झोप काढली होती. अनुदान काही नव्हतं. शेजाऱ्याने माझं पाहिलं, मी त्याचं नाही. उत्पन्न तर नंतर वाढलं. मी बदलले ते त्या सात एप्रिलच्या दुपारी, तुमचं पत्र वाचून झाल्यावर. तोवर मला वाटत होतं की सांगितल्याप्रमाणे हात आवरणं म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं, आणि या वयात मी कुणाचं ऐकावं? तुमच्या त्या पाऊण तासाने मला कळलं की ते ऐकणं नसतं, तीही मायाच असते, आणि करायला सगळ्यात अवघड. तुम्ही ते लिहिलं नसतंत, मला नुसती माफी देऊन मोठ्या झाला असतात, तर मी चिडून पुढच्या हंगामात पुन्हा पाणी सोडलं असतं. मला मी ओळखते.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्याने फॉर्म माझ्यापुढे धरला. म्हणाला, "काकू, 'इतर'च्या पुढे दोन शब्दांचीच जागा आहे."

मी म्हटलं, "दोनच लिही. विहिणीचं पत्र."

त्याने तसंच लिहिलं. खाली मी सही केली.

तुमची विहीण